पाटलांचं चाक मी का फोडलं

आमच्या पिंपळगाव राजात पाहुणा आला की त्याला अजून एक गोष्ट तिखटमीठ लावून सांगतात. जनाबाई रंगारीण डोक्यानं सरकलेली होती म्हणे, आणि ऐन दसऱ्याच्या तोंडावर तिनं पाटलांच्या मशीनचं चांगलं धडधाकट चाक घणानं फोडलं. सांगणारा हसतो, ऐकणारा हसतो. ज्यांनी ते चाक डोळ्यांनी पाहिलंसुद्धा नाही ते सगळ्यात जास्त हसतात. चाक फोडलं हे खरं आहे. धडधाकट होतं हे साफ खोटं आहे, आणि ते खोटं ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत.

या अंकाच्या संपादक बाईंनी मला तुमच्या कामाबद्दल लिहा, गोड आठवणी लिहा असं कळवलं. बाई, गंज खरवडण्यात गोड काय असणार? शेतीची जुनी, गंजलेली अवजारं घरी रंगवून देणं हा माझा धंदा. मी चौथीपर्यंत शिकले आहे, मला लिहिता येतं, आणि इतकी वर्षं झाली तरी माझा राग गेलेला नाही. तेव्हा जे आहे ते लिहिते.

आमचे हे खामगावच्या एका जिनिंगमध्ये रंगारी होते. कापसाची रुई छातीत जाऊन जाऊन त्यांना खोकला लागला आणि ते घरी आले. घरी बसून काय करणार, म्हणून गावातली अवजारं रंगवायला घेऊ लागले. खरवडायची मी, रंगवायचे ते. दोन वर्षांनी ते गेले आणि दोन्ही कामं माझ्या अंगावर पडली. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं त्या वेळची ही गोष्ट.

दुसरे रंगारी मालकाच्या वाड्यावर जाऊन काम करत. मला वाड्यात कोण घेणार? आम्ही बौद्ध. धर्म घेऊन पाच-सहा वर्षं झाली होती, पण गावाच्या लेखी आम्ही होतो तिथंच होतो. म्हणून मी वाड्यावर जाण्याऐवजी लोखंडच बैलगाडीत बसून माझ्या अंगणात यायचं. लोखंडी नांगर, वखराच्या पासा म्हणजे माती कापणारी आडवी पाती, इंजिनाची झाकणं, कडबा कापायच्या मशिनी. आणि काम झालं की माझ्या हातचं लोखंड घरात घेताना त्यावर गोमूत्र शिंपडायचे. ओल्या रंगावर! त्याचे डाग पडायचे आणि डागांची तक्रार घेऊन परत माझ्याच दारात यायचे. "जने, रंग खराब लावला वं तूनं." मी म्हणायची, रंग माझा आहे, डाग तुमचे आहेत. मग तोंड वाकडं करून जायचे.

बाहेरच्या माणसाला वाटतं रंगवणं म्हणजे ब्रश मारणं. ब्रश शेवटी येतो आणि ते काम कुणालाही जमतं. आधी पूजेचं तेल काढायचं. प्रत्येक सणाला अवजाराला तेल, हळद, कुंकू लावलेलं असतं, वर्षानुवर्षांचा चिकट थर झालेला असतो. त्याच्यावर रंग मारला तर पापडासारखा सुटतो. तो थर सोड्याच्या कढत पाण्यानं जातो. मग गंज. आधी खरवडणी, मग तारेचा ब्रश, मग विटेचा तुकडा राकेलमध्ये बुडवून घासायचं. हाताची सालटी निघतात. लोखंड उघडं पडलं की जवसाच्या तेलात शेंदूर कालवून त्याचं अस्तर द्यायचं, ते पुरतं वाळू द्यायचं, आणि मग हवा तो वरचा रंग. एवढं केलं तर चार पावसाळे टिकतं.

गिऱ्हाईकं एकेक नमुना असायची. वरवट बकालचा एक जण नांगर घेऊन आला आणि म्हणाला, सगळा लाल पाहिजे, माती उलटवतो तो पत्रासुद्धा. मी सांगितलं, बाबा, पत्र्याला रंग लावत नसतात. तो जमिनीत घासून आरशासारखा राहायला हवा, त्याला फक्त वंगण लावून ठेवायचं, नाहीतर आपली काळी माती त्याला चिकटून बसेल. त्याला शेजाऱ्याला दाखवायचं होतं ना! मी पत्रा तसाच ठेवला, तर घरी जाऊन त्यानं स्वतः रंगवला. महिन्याभरानं आला तो भांडायलाच. नांगर मातीचे गोळे घेऊन चालतो, बैल घायकुतीला आले, आणि चूक म्हणे माझ्या रंगाची. त्याला मी चार शब्द ऐकवून वाटेला लावलं.

असल्या लोकांवर मी चिडायची आणि विसरून जायची. पाटलांचं तसं नाही.

आमच्याकडे दसऱ्याला अवजारांची पूजा करतात. दसरा आमचाही सण आहे, पण आम्ही तो धर्म घेतला त्या दिवसाचा म्हणून पाळतो. गावाचा दसरा वेगळा. भंगलेली मूर्ती जशी देव्हाऱ्यात ठेवत नाहीत, तसं तुटकं, तडकलेलं अवजार पूजेत मांडायचं नाही अशी रीत. रीत वाईट आहे असं मी म्हणत नाही. तुटकं बाजूला काढा, नीट करा, मग मांडा, असा तिचा अर्थ असावा. पण लोकांनी काय केलं? तडा सांधायचा सोडून लपवायला सुरुवात केली. दसऱ्याच्या आधीच्या पंधरवड्यात माझ्याकडे येणाऱ्या कामात निम्मं काम असलं असायचं. लांबी भर, रंग मार, दिसू देऊ नको. पूजा झाली की दुसऱ्या दिवशी तेच तडकलेलं अवजार कामाला जुंपायचे.

लांबी म्हणजे काय ते सांगते. खडूची पूड जवसाच्या तेलात मळायची, कणकेसारखा गोळा होतो. गंजानं पडलेले खड्डे त्यानं बुजवायचे, म्हणजे वरचा रंग सपाट बसतो. वाळली की दगडासारखी दिसते. दिसते फक्त. तिच्यात जोर काडीचा नसतो.

पाटलांची कुट्टी मशीन पहिल्यांदा आली ती अशीच दसऱ्याच्या आधी. कुट्टी मशीन म्हणजे ज्वारीचा कडबा बारीक कापायचं यंत्र. त्याला कमरेएवढं बिडाचं चाक असतं, चाकाला दोन वाकडे आरे, आणि प्रत्येक आऱ्यावर एक धारदार पातं आवळलेलं. एकानं मुठीला धरून चाक गरगर फिरवायचं आणि दुसऱ्यानं बाजूच्या पन्हाळीतून कडबा हातानं पुढं सारायचा. सारणाऱ्याची बोटं पात्यापासून वीतभर लांब असतात, घाई असली की त्याहून जवळ. बीड हे ओतीव लोखंड. ते वाकत नाही, आधी काही सांगत नाही, एकदम तुटतं. फिरत्या चाकाचा आरा तुटला तर पातं कुठं जाईल याचा विचार ज्यानं त्यानं करावा.

पाटलांचा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी, तुळशीराम चाक फिरवायचा आणि त्याची बायको सिंधू कडबा सारायची. दोघं आमच्याच वस्तीतले. सिंधू वीस-बावीसची, तोंडानं फटकळ, कामाला वाघीण. मला मावशी म्हणायची. गोठ्यात तिच्या हातची कुट्टी चालायची बरं का, तिच्यावर कुणी गोमूत्र शिंपडत नव्हतं.

गंज खरवडताना मला एका आऱ्यावर केसासारखी रेघ दिसली. अशी शंका आली की आम्ही राकेल लावतो, कोरडं पुसून काढतो आणि वर खडूची पूड भुरभुरतो. तडा असला तर आत मुरलेलं राकेल वर येतं आणि पांढऱ्यावर ओली रेघ उमटते. बोटभर लांब रेघ उमटली. मी तशीच उठले, पाटलांच्या फाटकाबाहेर जाऊन उभी राहिले आणि हाक मारली.

"पाटील, चाकाच्या आऱ्याले तडा हाय. चाक बदलाव लागते."

"केवढा तडा?"

"बोटभर. पण बीड हाय थे, धरत नाई."

ओट्यावर त्यांची आई बसली होती, तिला सगळे थोरली बाई म्हणत. ती म्हणाली, "तडा? अवं माय! दसऱ्याले मांडाची हाय न मशीन. तडकलेली वस्तू पूजेले चालत नाई."

"मंग मांडू नोका," मी म्हणाले.

"तू आमाले शिकवतं काय वं?"

पाटील मधे पडले. "हे पाय जने, लांबी भर, रंग मार, दिसू नोको देऊ. पूजा झाली का चाक बदलू."

"नक्की बदलता न?"

"हाव वं बाप्पा, बदलतो म्हटलं न."

मी लांबी भरली. भरली आणि अशी भरली की दुसऱ्या दिवशी मलाच तडा सापडेना. वर हिरवा रंग, आऱ्यांच्या कडेला पिवळी रेघ. मशीन नवरीसारखी नटवून दिली आणि मनातून फुशारकीही वाटली. माझ्यासारखी लांबी तालुक्यात कुणाला जमत नव्हती. त्या फुशारकीला आग लागो.

दिवाळी गेली, थंडी पडली. एक दिवस वस्तीच्या विहिरीवर सिंधू भेटली. म्हणाली, "मावशी, तुमी रंगवलेली मशीन लय भारी दिसते वं. फक्त आताशा एका फेऱ्याले एकदा खट करते."

माझ्या हातातला दोर तसाच राहिला. "चाक बदललं नाई?"

"कायले बदलतीन? नवंच तं दिसते."

"सिंधू, त्या पात्याजवळ हात नेऊ नोको."

"हात नाई नेत तं कडबा पायानं सारू काय?" असं म्हणून ती खो खो हसली.

मी घागर तिथंच ठेवली आणि पाटलांच्या फाटकावर गेले. मला वाटत होतं, विसरले असतील, आठवण केली की बदलतील. पाटील अगदी शांतपणे म्हणाले, "लांबी भरली न तूनं?"

"भरली."

"मंग? भरलं थे भरलं. दसऱ्याले देवापुढं पूजा झाली त्याची. आता कायचा तडा?"

मला आधी कळेचना. मग कळलं, आणि माझं डोकंच फिरलं. हा शिकलेला, दोनशे एकरांचा धनी माणूस मनापासून समजत होता की लांबी भरली आणि पूजा झाली म्हणजे लोखंड सांधलं. थट्टा करत नव्हते हो, खरंच तसं मानत होते.

"थो खडू हाय पाटील! खडू! शाळेत फळ्यावर लिवतात न, थो!"

"आवाज खाली कर. अन् जाय आता, अपशकुन नोको करू."

मी तुळशीरामला सांगितलं, चाक हळू फिरव. तो म्हणाला, "बैल जास्त झाले मावशी, हळू फिरवून कसं पुरन?" सिंधूला पुन्हा सांगितलं, ती म्हणाली, मालक बदलतील तेव्हा बदलतील. आणि एवढं करून मी गप्प बसले. माझं सांगून झालं, आता त्यांचं ते बघतील, असं स्वतःला समजावलं. पुढचा दसरा येईपर्यंत गप्प. पाटलांवर मला राग आहेच, पण त्या गप्प बसण्याचा जो राग येतो तो कुणावर काढू?

दसऱ्याच्या आधी मशीन परत रंगवायला आली. तुळशीरामच गाडीत घालून घेऊन आला होता. मी त्याला जाऊ दिलं नाही. दोघांनी मिळून चाक सोडवलं आणि अंगणातल्या कडुलिंबाच्या फांदीला दोरानं टांगलं. चांगलं बीड हातोडीनं ठोकलं की घंटेसारखं घुमतं. हे चाक फुटक्या मडक्यासारखं वाजलं. मी खरवडणी लावली तशी माझी लांबी खपलीसारखी निघून पडली. तडा आता बोटभर राहिला नव्हता. आऱ्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत गेला होता आणि मधल्या गोलात शिरला होता.

"ऐकलं काय रे?" मी तुळशीरामला विचारलं.

"ऐकलं न. पण मी काय करू?"

"मालकाले सांग, जनाबाई रंगवत नाई म्हणा."

तासाभरात तुळशीरामला घेऊन पाटील स्वतः आले. माझ्या अंगणाच्या कुंपणाबाहेर उभे राहिले, आत पाऊल टाकलं नाही. मी चाक ठोकून दाखवलं, तडा दाखवला. ते बघत होते माझ्याकडे.

"रंगवाचं काम तुह्यं. रंगव."

"नाई रंगवत. सिंधूचा हात जाईन पाटील. मनगटापासून जाईन."

"वर्षभर चालली न मशीन? गेला काय हात?"

"नाई गेला, थे नशीब समजा."

"तुले नाई जमत तं राहू दे. खामगावले पाठवतो. तथी दोन दिवसांत चकाचक करून देतात. तुळशीराम, चाक घाल बे गाडीत." असं म्हणून ते वळले.

तिथं माझी खात्री पटली. मी नाही म्हटल्यानं काहीच थांबणार नव्हतं. खामगावचा रंगारी माझ्यासारखाच लांबी भरेल, कदाचित माझ्याहून चांगली. चाक वाड्यात जाईल, त्याला हळदकुंकू लागेल, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सिंधू त्याच्यासमोर बसेल. वाकलेल्या पासा सरळ करायला मी घण ठेवायची. तो उचलला. तुळशीराम "मावशी, मावशी!" करत मागं सरला. मी जोर लावून एकच घाव घातला, टांगलेलं चाक दोरातच कडकन मोडलं आणि अर्धं खाली पडलं.

रागाच्या भरात फोडलं म्हणतात. राग होताच, वर्षभराचा होता. पण मी घाव घातला तो नेमका तड्यावर, बघून घातला.

मी पडलेला तुकडा उचलला आणि कुंपणाशी नेला. तुटलेल्या बिडाचं एक बरं असतं, ते खोटं बोलत नाही. नवं तुटलेलं असेल तिथं राखाडी, चकचकीत दिसतं. जुना तडा असेल तिथं आतून गंज चढलेला असतो. त्या आऱ्याचं सगळं तोंड तपकिरी गंजलेलं होतं, फक्त एका कडेला ज्वारीच्या दाण्याएवढी जागा चमकत होती. अख्खं पातं तेवढ्या दाण्यावर तग धरून होतं. आणि गंजात मधे मधे माझी पांढरी लांबी.

"पहा, पाटील! एकदा डोळे उघडून पहा!"

त्यांनी पाहिलं नाही. मान दुसरीकडे फिरवून म्हणाले, "पूजेच्या आधी चाक फोडलं. या बाईनं पूजेच्या आधी चाक फोडलं." आणि हेच म्हणत गेले. गावानं तेच उचललं. तो तुकडा मी महिनाभर अंगणात कडेला ठेवला होता, ज्याला बघायचा त्यानं बघावा म्हणून. एक माणूस आला नाही.

गावातलं काम बंद झालं. झालं तर झालं, बाहेरगावचं येत राहिलं. त्यानंतर माझा एक नियम होता. तडा सापडला की तिथं मी लांबी भरत नसे. त्या जागी पांढऱ्या रंगाची ठळक रेघ मारून अवजार परत द्यायची, बाकी सगळं कितीही सुरेख रंगवलेलं असो. पुष्कळ जणांनी शिव्या घातल्या. काहींनी भाग बदलून आणले आणि मग रंगवून घेतले.

पाटलांनी नवं चाक आणलंच. दसरा हुकला तरी बैलांना कुट्टी लागतेच ना. म्हणजे बदलता येत होतं! एका आठवड्यात आलं. पण राग काढायला कुणीतरी हवं होतं. मी त्यांच्या हाताखालची नव्हते, तुळशीराम होता. तू चाक तिच्या अंगणात सोडवलंसच का, तिनं घण उचलला तेव्हा तिला धरलं का नाहीस, असं म्हणून गुढीपाडव्याला त्याला पुढच्या सालासाठी ठेवलं नाही. गावात दुसऱ्या कुणीही त्याला ठेवला नाही. दोघांनी बिऱ्हाड गुंडाळलं आणि तेलाच्या मिलमध्ये काम शोधायला खामगावला निघाले.

निघायच्या सकाळी सिंधू माझ्या अंगणात आली. मला वाटलं निरोप घ्यायला आली. मी भाकर बांधून देते म्हणाले.

"भाकर राहू द्या," ती म्हणाली. "माह्या हाताची तुमाले काऊन एवढी पडली होती? हात माहे होते न?"

"सिंधू, थो आरा तुटला असता वं."

"तुटला असता, नसता तुटला. घर तं आज तुटलं न?" ती जायला वळली आणि परत फिरली. "तुमी रंगवून देऊन द्याचं होतं. नाईतं पहिल्याच वर्षी फोडाचं होतं. एवढं कळत होतं तं पहिल्या वर्षी लांबी काऊन भरली?"

ती गेली आणि मी दिवसभर एकाच नांगराला विटेनं घासत बसले. शेंदराचं अस्तर द्यायचं भान राहिलं नाही.

पाच-सहा वर्षांनी जवसाचं तेल आणायला मी खामगावला गेले होते. बाजारात एका दुकानाच्या पायरीवर सिंधू बसलेली दिसली. पुढ्यात तिची चार वर्षांची पोरगी पाठमोरी उभी होती आणि सिंधू तिच्या झग्याची मागची बटणं लावत होती. बारीक बटणं, घट्ट काजं. एकेक बटण दोन बोटांत धरून दुसऱ्या हाताच्या बोटानं काज ओढायची, पोरगी हलली की "उभी राय वं" म्हणून दटावायची. मी तेलाच्या डब्यासकट रस्त्यात उभी राहिले. लोकं धक्का मारून जात होती. मी तिची बोटं मोजली. दोनदा मोजली.

मग तिनं वर पाहिलं. मला ओळखलं. तिचं तोंड एकदम आवळलं गेलं, शेवटचं बटण तसंच सोडून ती उठली आणि पोरीला कडेवर घेऊन पाठ फिरवून चालू लागली. मी हाक मारली नाही. परत फिरून तिनं त्या दोन्ही हातांनी माझ्या तोंडात मारल्या असत्या, तरी मी हूं की चूं केलं नसतं.